मागून कापलेलं इंजिन

"तोंडाला आत्ता हात लावू नका. मागून घ्या. तोंडाचं दसऱ्यानंतर बघू."

खिडकीबाहेर आमच्या साइटचे सुपरवायझर कुणाला तरी सांगत होते. मी आत दसऱ्याच्या बुकिंगचा इंग्रजी मेसेज लिहीत बसले होते. मान वळवून बघितलं तर गॅस कटिंगवाले मिस्त्री आणि त्यांची माणसं गेटजवळच्या इंजिनाभोवती फिरत होती. बाजारात बैल घेण्याआधी माणसं फिरतात तशी.

"पीछे से कायकू साब?" मिस्त्री म्हणाले. "आगे से खोले तो जल्दी हुता."

"अहो, दसऱ्याला गिऱ्हाइकं येणार. लेकरं त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढतात. अर्धं थोबाड गेलेलं दिसलं तर बरं वाटेल का?"

"हौ, वो बी सही है," मिस्त्री म्हणाले आणि मागच्या बाजूला गेले.

चिकलठाण्याला जुन्या कारखान्यांच्या ओळीत एक कंपनी होती. ती बंद पडली, जागा एका बिल्डरने घेतली आणि आता तिथे फ्लॅट होत आहेत. मी त्या बिल्डरच्या विक्री ऑफिसात काम करते. ऑफिस म्हणजे एसी लावलेला एक कंटेनर. माझं इंग्रजी चांगलं आहे म्हणून मला घेतलं. बोलण्यासाठी नाही, लिहिण्यासाठी. माहितीपत्रकं, मेसेज, जाहिरातीच्या ओळी. गिऱ्हाइकांशी बोलायला दुसरी माणसं आहेत आणि ते सगळ्यांच्या सोयीचं आहे.

इंजिन कंपनीच्या काळातलं. छोट्या लाइनीवरची वाफेची इंजिनं बंद झाली, ती भंगारात निघाली, तेव्हा कंपनीच्या मालकांनी हौसेने त्यातलं एक आणून गेटशी चौथऱ्यावर उभं केलं. नंतर त्याला इतक्यांदा रंग दिला गेला की त्याचा नंबर कुठला, तेही कळायचं नाही. माझे आजोबा, म्हणजे आबा, दर खंडेनवमीला त्याची पूजा करायला जायचे. आबा रेल्वेत होते. मेंढरं राखणाऱ्या घरातले, सोयगावकडचे. खलाशी म्हणून लागले, फायरमन झाले, मग ड्रायव्हर. खंडेनवमीला लोक आपापली हत्यारं, मशिनी, गाड्या धुऊन पूजतात. आमच्याकडे बाबांची बाइक आणि माझी स्कूटी पूजली जायची आणि आबा पिशवीत नारळ घालून चिकलठाण्याला जायचे. कंपनीचे वॉचमन त्यांना ओळखायचे. कंपनी बंद पडल्यावरसुद्धा त्यांना आत सोडायचे.

लहानपणी मी एकदा विचारलं होतं, तुम्ही हेच इंजिन चालवायचे का? आबा म्हणाले, "असंल, नसंल. काय फरक पडतो? आता हे एकच हाये."

मी इथे लागले तेव्हा माहितीपत्रकात इंजिनाचा फोटो होता. प्रवेशद्वाराशी जुनं इंजिन, भोवती बाग, असं मीच लिहिलं होतं. आबांना ते पान दाखवलं तेव्हा त्यांनी ते चष्म्याशी धरून बराच वेळ बघितलं, जरी त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. मग नकाशा बदलला. तळघरातल्या पार्किंगला उतरायचा रस्ता बरोबर तिथूनच काढावा लागणार होता. नवीन माहितीपत्रकात त्या जागी एक कमान आली.

कटिंगवाले येऊन गेले त्या दिवशी मी घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या आधी दाराशी उभे होते. उस्मानपुऱ्यापासून चिकलठाण्यापर्यंत ते स्कूटीवर माझ्या मागे एका हाताने काठी आडवी धरून बसले. सुपरवायझरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला.

"एवढं एक ऱ्हाऊ द्या साहेब," आबा म्हणाले. "लई मोठी जागा हाये तुमची. कोपऱ्यात सरकवा. पर ऱ्हाऊ द्या."

"काका, माझ्या हातात असतं तर मी कापलं असतं का? वरती कळवतो. बघू."

"बघा. नक्की बघा."

"बघतो ना."

निघताना आबांनी मला बाजूला घेतलं. "तू बी बोल, माय. तुला त्यांची भाषा येती."

मी बोलले. आमचे मोठे सर आठवड्यातून एकदा साइटवर येतात. त्यांच्या टेबलासमोर उभी राहून मी इंग्रजीत एकच वाक्य बोलले, की इंजिन ठेवता येईल का. सर रागावले नाहीत. त्यांनी नकाशा माझ्याकडे वळवला, पेनाने रस्त्याची रेघ दाखवली, एकीकडे विजेचा डीपी, दुसरीकडे नाला, आणि विचारलं, मग उतार कुठून काढू, तू सांग. खरंच दुसरी जागा नव्हती. एका शाळेला ते इंजिन हवं होतं, असंही सरांनी सांगितलं, पण शाळेची गल्ली इतकी अरुंद की ट्रेलर वळणारच नाही. कुणी वाईट माणूस असता तर मला घरी येऊन सांगायला काहीतरी झालं असतं.

काम सुरू झालं. आधी टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळशा-पाण्याचा डबा. जुना रंग जळल्याचा वास माझ्या डब्यातल्या पोळीलाही यायचा. जाड पत्रा खाली पडला की टेबल हलायचं, आणि फोनवर बोलणारे सहकारी गिऱ्हाइकाला म्हणायचे, "काही नाही सर, काम जोरात चालू आहे." मग ड्रायव्हर उभा राहतो ते केबिन गेलं, छतासकट. मागच्या बाजूला हिरवी जाळी बांधली. रस्त्यावरून आणि गेटातून बघितलं तर गोल तोंड, धुरांडं, पुढचं लांबट अंग, सगळं जागच्या जागी होतं. लोक फोटो काढत होते.

आबांनी मला रोज विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, माहीत नाही. ते विचारत नव्हते. मी संध्याकाळी आले की चप्पल काढेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मग टीव्हीकडे वळायचे. एकदा जेवताना, कुणी काही विचारलेलं नसताना, म्हणाले, "मी न्हेली व्हती ना."

"काय नेलं?" आई म्हणाली.

"मेलेली इंजिनं. मला डिझेलचं इंजिन दिलं तवा. मागं चार-पाच बांधायची आन न्हेऊन टाकायची सायडिंगला, भंगारवाल्यापाशी. न्ह्यायच्या आधी त्याच्या आसाला तेल घालावं लागायचं. चाकं गरम झाली तर वाटंत अडकतं. जायचं कापायला, तरी तेल घालायचं."

"मग कापताना बघितलं का तुम्ही?" बाबांनी विचारलं.

"नाय. सोडायचं आन डिझेल घेऊन माघारी यायचं. बघायला कोण थांबतंय?" त्यांनी भाकरी मोडली. "चटणी दे गं."

खंडेनवमीला आमचं ऑफिस चालू होतं. दसऱ्याच्या आधी बंद ठेवून कसं चालेल? आबा माझ्यासोबत आले. दुसऱ्या बाजूने रिक्षाने त्यांचे मित्र आले. ते रेल्वेत गार्ड होते. पूर्वी पूजेला आणखी दोघं-तिघं असायचे, आता हे दोघंच. मी त्यांना गार्डकाका म्हणते. दोघं भेटले की भांडतात.

"आलास का? मला वाटलं तू मागच्या डब्यात झोपलास," आबा म्हणाले.

"मी मागं जागा होतो म्हणून तू पुढं जिता ऱ्हायलास," गार्डकाका म्हणाले.

मला वाटत होतं की गेटातून आत आल्याआल्या आबांना सगळं कळेल. मी त्यांच्या अर्धं पाऊल मागे चालत होते. पण समोर जे होतं ते मी सकाळी विचारात घेतलंच नव्हतं. कटिंगवाल्यांनीही पूजा मांडली होती. त्यांच्यातल्या दोघांनी गॅस कटर, नळ्या, हातोडे, पहारी सगळं धुऊन इंजिनाच्या पुढच्या, धक्का झेलणाऱ्या बफरपाशी ओळीने टेकवून ठेवलं होतं. ऑक्सिजनच्या सिलिंडरांना झेंडूचे हार. कटरला हळदकुंकू. आणि एक लांब हार त्यांनी इंजिनाच्या तोंडावरही घातला होता. कशासाठी, ते मी विचारलं नाही. त्यांच्या दृष्टीने तेही त्यांच्या कामातलंच होतं.

आबा थांबले. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी ते सगळं डावीकडून उजवीकडे नीट बघितलं. खंडेनवमीला पूजेला ठेवलेलं हत्यार कुणी उचलत नाही. त्यांनी त्याच्या पुढचा अर्थ काढला.

"बंद केलं," ते म्हणाले. "बंद केलं व्हय?"

मिस्त्री खुर्चीवर बसून प्रसादाचं खोबरं खात होते. ते उठून उभे राहिले. त्यांनी सुपरवायझरांकडे बघितलं. सुपरवायझर फोन कानाला लावून वळले.

"हौ अब्बा," मिस्त्री म्हणाले. "आज बंद है."

"लई चांगलं केलं, बाबा. लई चांगलं." आबांनी मिस्त्रींचा हात दोन्ही हातांत धरला. 'आज' हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचला की नाही, सांगता येत नाही. मिस्त्री हात सोडवून घेत नव्हते, वर बघतही नव्हते. शेवटी म्हणाले, "अब्बा, हमारे कटर कू बी हार लगाव. तुमच्या हातने."

आबांनी कटरला हार घातला. कुंकू लावलं. नारळ इंजिनाच्या चौथऱ्यावर फोडला, पाणी तोंडावर शिंपडलं. मग म्हणाले, "वर चढून येतो जरा." म्हणजे केबिनमध्ये. दर वर्षी ते चढायचे आणि खाली उतरताना मला हात द्यायला लावायचे.

"मागं खड्डा खणलाय काका," सुपरवायझर झटकन म्हणाले. "लाइटची केबल आहे. पडाल. नको."

"मी बघून येतो," गार्डकाका म्हणाले. त्यांना कुणी अडवायच्या आत ते जाळीच्या कडेने मागे गेले. आयुष्यभर गाडीची मागची बाजू हेच त्यांचं काम होतं. आपण मागे जाऊ नये, हे त्यांना सुचणं शक्य नव्हतं.

आबा निवांत होते. मी जाळीकडे बघत होते. ती एका जागी हलली, मग हलायची थांबली. बराच वेळ काही झालं नाही.

"काय रे, झोपला का मागं?" आबांनी हाक मारली.

गार्डकाका आले. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. रुमालाने त्यांनी हात पुसले, जरी हाताला काही लागलेलं नव्हतं. आबांच्या समोर येऊन उभे राहिले.

"ऑल राईट," ते म्हणाले.

हे मला लहानपणापासून माहीत आहे. गाडी सुटताना ड्रायव्हरला गाडीचं मागचं टोक दिसत नाही. गार्ड मागून हिरवं निशाण दाखवतो, ड्रायव्हर पुढून उत्तर देतो, आणि गाडी पुढे जाते. त्याला ऑल राईट देणं म्हणतात. गार्डने दिलेलं ऑल राईट ड्रायव्हर तपासून बघत नाही. तसं करायचं ठरवलं तर कुठलीच गाडी चालणार नाही.

आबांनी मान हलवली. मागे जायचा विषय संपला.

रिक्षाची वाट बघताना गार्डकाका माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "त्याला सांगणं माझ्याच्यानं नाय व्हायचं, पोरी. तू घरची हाईस."

मी रस्त्याकडे बघितलं. रिक्षा आली.

त्या संध्याकाळी आबा पुष्कळ बोलले. सोयगावला फोन करून भावाला सांगितलं. शेजारच्या काकूंना सांगितलं. जिन्यात भेटलेल्या कुरियरवाल्यालाही सांगितलं असावं. "माझ्या नातीनं साहेबाला इंग्रजीत सांगितलं," असं प्रत्येकाला. मी आतल्या खोलीत मोबाइल चार्जिंगला लावून तो तसाच हातात धरून बसले होते. काकू दारातून म्हणाल्या, "बोलत नाही बोलत नाही आणि बघा, एकदाच बोलली!"

मी बाबांना गच्चीवर नेऊन सगळं सांगितलं. बाबांनी कठड्याला हात टेकले.

"उद्या दसरा आहे," ते म्हणाले. "सणाच्या दिवशी नको."

"मग परवा?"

"परवा बघू."

"परवा सकाळी ते येऊन कापणार आहेत, बाबा."

"मग आबांना तिकडे जाऊ देऊ नकोस. काहीतरी सांग. ऑफिसला सुट्टी आहे म्हण."

"मी स्कूटी काढून ऑफिसला जाणार आणि सुट्टी म्हणू?"

"मला माहीत नाही," बाबा म्हणाले. ते रागाने बोलले नाहीत. त्यांना खरंच माहीत नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, कळेल तेव्हा कळेल, आत्ता चार घास सुखाने जेवू देत. तेही मला पटलं. प्रत्येकाचं म्हणणं मला पटत होतं, हीच अडचण होती.

दसऱ्याला ऑफिसात दिवसभर गर्दी होती. आपट्याची पानं, पेढे, बुकिंग करणाऱ्यांचे टाळ्या वाजवत काढलेले फोटो. इंजिनाच्या तोंडावरचा झेंडू सुकायला लागला होता, तरी फोटोत छान दिसत होता. एका लहान मुलीने बफरला टेकून जीभ बाहेर काढली, तिच्या आईने म्हटलं, नीट उभी राहा. संध्याकाळी मिस्त्री माणसांना सांगायला आले की सकाळी लवकर या, ऊन चढायच्या आत धुरांडं उतरवायचं. मला बघून ते थांबले.

"बेटी, अब्बाकू बोल्या क्या?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"बोल दे. मेरेकू अच्छा नै लगरा." मग जाता जाता म्हणाले, "उनोंने मेरे कटर कू हार डाल्या ना."

दुसऱ्या दिवशी मी आवरून बाहेर आले तर आबा तयार. पांढरा शर्ट, टोपी, हातात कापडी पिशवी. पिशवीत आपट्याची पानं. दसऱ्यानंतरही काही दिवस लोक एकमेकांना सोनं द्यायला जातात, त्यात वेगळं काही नव्हतं.

"सुपरवायझर साहेबांना देतो," ते म्हणाले. "आन त्या मिस्त्र्याला. लई भला माणूस. आन गार्डाला बी फोन केलता. नाय येत म्हनला. गुडघा दुखतोय म्हने."

आईने माझ्याकडे बघितलं. बाबा आंघोळीला गेले होते आणि बाहेर येत नव्हते. मी म्हणाले, "आबा, आज ऊन खूप आहे."

"टोपी हाये की."

मी जिन्यात त्यांचा हात धरून उतरले. स्कूटी स्टँडवरून काढली. तोंडाशी वाक्य होतं, पण आबा समोर होते, त्यांच्या टोपीची कडा नीट दुमडलेली होती, आणि मला जमलं नाही. ते मागे बसले. पिशवी त्यांनी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली.

जालना रोडवर नेहमीची गर्दी होती. पुलावरून खाली उतरताना आबा मागून बोलत होते. शब्द वाऱ्याने तुटून येत होते. सरकवायला लागलं तर क्रेन कशी लावायची, पट्टा कुठून घ्यायचा, रंग कोणता द्यायचा. काळा द्या म्हणावं, हिरवा नाय चांगला दिसत. मी आरशात बघितलं तर त्यांचा खांदा आणि काठीचं टोक दिसत होतं. चेहरा दिसत नव्हता. त्यामुळेच थोडं सोपं झालं असावं.

मुकुंदवाडीच्या सिग्नलला लाल लागला. शेजारी सिटी बस, पुढे ऊस भरलेला ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंना मोटारसायकली. मी पाय टेकवले. हेल्मेटची काच वर केली.

"आबा," मी म्हणाले, "त्यांनी बंद नाही केलेलं."

"आँ?"

"काम बंद नाही केलेलं."

"ऐकू येत नाय, माय. मोठ्यानं बोल."

डाव्या बाजूचा मोटारसायकलवाला आमच्याकडे बघत होता. बसच्या खिडकीतली बाईही. मी कधी रस्त्यात मोठ्याने बोललेली नाही. वर्गात उत्तर येत असूनही हात वर केलेला नाही. सिग्नलचे आकडे उतरत होते. मान वळवली असती तर त्यांचं तोंड दिसलं असतं, म्हणून वळवली नाही. समोरच्या उसाकडे बघत मी ओरडले, "आबा, ते इंजिन कापतायत. मागचं सगळं कापून झालंय. परवा फक्त खंडेनवमीची सुट्टी होती. आत्ता पुढचं कापत असतील. मी गाडी घराकडे वळवू का?"